नावातला एक 'एच' आणि परदेशी नोंदणी

गेल्या श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल घेऊन घरी आली. त्या आठवड्यात बेळगावात पावसाने उसंत दिली नव्हती, म्हणून पिशवीच्या तोंडाला तिने दोन गाठी मारल्या होत्या, आणि त्या सोडवता सोडवताच तिने विचारले, "मॅडम, माझ्या इंग्लिशचं कसं होईल?" तिला येथे मी सविता म्हणते. खरे नाव वेगळे आहे, पण त्यातही 'त' आहे आणि पुढची बरीचशी हकीकत त्या 'त'भोवतीच फिरते. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, पुढे कर्नाटक बोर्डाची दहावी व बारावी, मग बेळगावात तीन वर्षांचा जीएनएम हा परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम, आणि त्यानंतर येथल्याच एका खासगी रुग्णालयात सहा-सात वर्षांची नोकरी, त्यातही बराच काळ अतिदक्षता विभागात. तिला इंग्लंडला जायचे होते आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासची फी किती, याची चौकशी करूनच ती आली होती.

मी इंग्रजीविषयी काही न बोलता तिला सगळे कागद जेवणाच्या टेबलावर तारखेच्या क्रमाने मांडायला सांगितले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मुलींना परिचारिका म्हणून परदेशी नोंदणीचे अर्ज भरायला मदत करताना मला आलेला अनुभव असा, की मुली घाबरतात भाषेच्या परीक्षेला आणि अडकतात मात्र नावात. सहा महिने क्लास करून, रात्रपाळ्या सांभाळून गुण मिळवायचे, आणि मग कागद जुळत नाहीत म्हणून त्या गुणांची दोन वर्षांची मुदत कागद दुरुस्त करण्यातच घालवायची, हे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

टेबलावर सहा कागदांवर पाच सविता होत्या. मराठी शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव परशराम होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याचे परशुराम झाले होते, आणि इंग्रजीत सविताचा 'त' लिहिताना 'टी'च्या पुढे 'एच' आला होता. जीएनएमच्या पदविकेवर आणि परिचारिकांची नोंद ठेवणाऱ्या राज्य परिषदेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर हा 'एच' कायम राहिला, मात्र वडिलांचे नाव जाऊन शेवटी नुसते 'पी' हे आद्याक्षर उरले. आधारकार्डावर 'एच' नव्हता. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यामुळे त्यावर 'एच' नाही, वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव आणि आडनाव सासरचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने काढलेले नवे नाव तर मी हिशेबात धरलेलेच नाही. ते सुदैवाने रेशनकार्डापलीकडे कुठे गेले नव्हते.

या 'एच'चे मूळ समजून घेण्यासारखे आहे. दक्षिणेकडील भाषांत इंग्रजी लेखन करताना 'ट'साठी 'टी' आणि 'त'साठी 'टी-एच' अशी विभागणी करण्याचा प्रघात आहे, आणि खरे सांगायचे तर तो आपल्यापेक्षा अधिक तर्कशुद्ध आहे, कारण आपण मराठीभाषक 'ट' आणि 'त' या दोघांनाही एकाच 'टी'त कोंबतो. त्यामुळे कन्नड पद्धतीने लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताखालून गेलेली लता, गीता, संगीता 'एच' घेऊन बाहेर पडते आणि घरी मराठी पद्धतीने सही करणारी तीच मुलगी तो 'एच' कधी लिहीत नाही. येथे राहणाऱ्याला यात काहीच वावगे वाटत नाही, कारण दुकानाच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत आपण दोन्ही रूपे रोज वाचतो. परंतु लंडनमध्ये संगणकावर अर्ज तपासणाऱ्याच्या दृष्टीने एक अक्षर वेगळे म्हणजे कदाचित माणूसच वेगळा. औषधाच्या नावात एक अक्षर बदलले तर आपणही तसेच समजतो, तेव्हा त्याला दोष देता येत नाही.

नोंदणीची यंत्रणा कशी चालते ते पाहिले, की नावाचे महत्त्व ध्यानात येते. भारतात परिचारिकांची नोंदणी राज्याच्या परिषदेत होते. १९४७च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद देशभर शिक्षणाचा दर्जा ठरवते. तो कायदा बदलण्यासाठी २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदाही संमत झाला आहे. पण परदेशी नियामकाला हवी असते ती प्रत्यक्ष नोंदवहीतली नोंद, आणि ती बंगळूरच्या किंवा मुंबईच्या कार्यालयात असते. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, जिला सगळ्या मुली एनएमसी म्हणतात, उमेदवाराने स्वतः अपलोड केलेल्या प्रमाणपत्रावर थांबत नाही. राज्य परिषदेने 'ही व्यक्ती आमच्याकडे नोंदलेली आहे आणि तिच्यावर कोणतीही कारवाई झालेली नाही' असे थेट कळवावे लागते. परिषद अर्थातच आपल्या वहीत जे नाव आहे तेच कळवते. भाषेची परीक्षा मात्र पासपोर्टवरच्या नावाने द्यावी लागते, कारण परीक्षाकेंद्राच्या दारात तोच तपासला जातो. म्हणजे एका बाजूने परिषदेची 'एच'वाली सविता येते, दुसऱ्या बाजूने परीक्षेची 'एच' नसलेली, आणि दोघी एकच आहेत हे सिद्ध करण्याचा भार तिसऱ्या, हाडामांसाच्या सवितावर पडतो.

आडनावाचा फरक तुलनेने सोपा असतो, कारण विवाह नोंदणी प्रमाणपत्र तो भरून काढते. येथेही आपल्याकडच्या मुली चुकतात. देवळातले किंवा कार्यालयातले लग्न झाले, फोटो आहेत, पत्रिका आहे, पण उपनिबंधकाकडे नोंदणीच केलेली नसते. लग्नाआधीच्या मुलींना मी आता सरळ सांगते, की परदेशाचा थोडा जरी विचार असेल तर माहेरच्या, म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवरील नावानेच पासपोर्ट काढा आणि लग्नानंतर तो बदलायच्या फंदात पडू नका. कायद्याने तसे बंधन नाही. सासरी कुणाला वाईट वाटलेच, तर पासपोर्ट कपाटात असतो आणि नामपट्टी दारावर असते, एवढे उत्तर पुरते.

सविताच्या बाबतीत आम्ही दहावीची गुणपत्रिका हा मूळ कागद धरला. जन्मतारखेचा पुरावा म्हणून तीच सगळीकडे चालते, पदविका आणि नोंदणी तिच्यावरूनच झालेली आहे, आणि जुन्या बोर्डाच्या नोंदीत दुरुस्ती करण्यापेक्षा आधार व पासपोर्ट बदलणे केव्हाही सोपे. आधी आधारमध्ये 'एच' घालून घेतला, मग विवाहाची नोंदणी झाली, मग पासपोर्ट नव्याने मिळवण्याचा अर्ज गेला. नावाच्या शेवटी लटकलेल्या 'पी'चा विस्तार परिषदेच्या नोंदीत व्हावा म्हणून तिने रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून बंगळूर गाठले आणि दुसऱ्या रात्री परतून सरळ सकाळच्या ड्युटीला हजर झाली. वडिलांचे परशराम आणि परशुराम हे एकच, याचे प्रतिज्ञापत्र येथे कोर्टाच्या आवारात एका दुपारी झाले. टंकलेखकाने त्यातही प्रथम 'परसुराम' लिहिले होते.

दहावीच्या गुणपत्रिकेवर शाळेचा जिल्हा 'बेलगाम' आणि पदविकेवर 'बेळगावी' आहे, हीही येथल्या कागदांची खासियत. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले; त्या तारखेला सीमाभागात काय काय घडत असते हे येथल्या वाचकाला सांगायला नको. या बदलाचा राजकीय अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा. अर्जात मात्र जन्मस्थान पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहावे, आणि जुन्या संस्थेचे नाव प्रमाणपत्रावर छापले आहे तसेच ठेवावे. आपल्या भावनेनुसार किंवा अद्ययावत माहितीनुसार ते 'सुधारून' घेऊ नये.

दुसरी अडचण राज्याच्या सीमेची आहे, आणि ती बंगळूरच्या किंवा पुण्याच्या मुलीला सहसा येत नाही. आपल्या भागात चंदगडची मुलगी कोल्हापूर जिल्ह्यात शिकते, तिची नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र परिषदेत होते, आणि नोकरी तिला बेळगावात मिळते, कारण चंदगडहून कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. निपाणीची मुलगी नेमकी उलट्या दिशेने जाते. ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणी वर्ग करून घ्यावी लागते, हे नियमात आहे; प्रत्यक्षात छोट्या रुग्णालयांत कुणी विचारत नाही आणि मुलीही करत नाहीत. परदेशी अर्जात मग अनुभव कर्नाटकातला आणि नोंदणी महाराष्ट्रातली, असा पेच उभा राहतो. दोन्हीकडे नोंदणी असेल तर दोन्ही परिषदांकडून पडताळणी जावी लागते, आणि बेळगावहून मुंबई काय, बंगळूर काय, दोन्ही राजधान्या साधारण पाचशे किलोमीटरवर, त्यामुळे जवळचे कार्यालय असे आपल्या नशिबी नाहीच. माझ्या एका विद्यार्थिनीची आयर्लंडची फाईल याच कारणाने आठ महिने पडून राहिली, आणि त्या काळात तिला देऊ केलेली जागा भरली गेली.

आता इंग्रजीकडे येते. एनएमसीला आयईएलटीएसच्या ॲकॅडेमिक परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ गुण लागतात. लेखनातही पूर्वी ७च लागत असत. डिसेंबर २०१८ पासून ते ६.५ वर आणले गेले, कारण उत्तम परिचारिका त्या एकाच विभागात वारंवार अडकत होत्या. त्याऐवजी ओईटी ही केवळ आरोग्यक्षेत्रासाठीची परीक्षा दिली, तर वाचन, श्रवण, संभाषणात 'बी' आणि लेखनात 'सी प्लस' श्रेणी पुरते. २०२३ पासून १२ महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरता येतात. अट एवढीच, की कोणत्याही प्रयत्नात कोणताही विभाग आवश्यक पातळीच्या अर्ध्या गुणाहून, किंवा अर्ध्या श्रेणीहून, खाली गेलेला नसावा. कॉलेजकडून 'शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते' असे पत्र आणले की परीक्षा टळते, असे सांगणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. बहुसंख्य लोक इंग्रजी बोलणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे ते पत्र एकटे पुरत नाही. ते उपयोगी पडते ते अशा व्यक्तीला, जी आधीच ब्रिटनमध्ये आरोग्य किंवा सुश्रूषा सेवेत किमान वर्षभर काम करीत आहे आणि जिच्या इंग्रजीबद्दल तिचा तेथील नियोक्ता लेखी खात्री देतो.

भाषेच्या अटीबद्दल मुलींच्या मनात एक राग असतो. सविता म्हणाली, "वॉर्डात मी मराठी बोलते, कन्नड बोलते, हिंदी बोलते, गोव्याचा पेशंट आला तर कोकणीसुद्धा निभावते, आणि डॉक्टरांशी इंग्लिश. एवढं करून मला पुन्हा भाषेची परीक्षा?" राग समजण्यासारखा आहे. परंतु ही अट का असते, हे समजायला सीमाभागातल्या परिचारिकेला लंडनचे उदाहरण लागत नाही. काही वर्षांपूर्वी कॅज्युअल्टीत गोकाकच्या बाजूचे एक आजोबा आले. ते पुन्हा पुन्हा "उरी, उरी" म्हणत होते. ड्युटीवरच्या नव्या मुलीला कन्नड येत नव्हते. तिने ऐकले ते मराठी कानाने. ऊर म्हणजे छाती, तेव्हा तिने केसपेपरवर छातीत दुखत असल्याची नोंद केली आणि त्यांचा ईसीजी काढला गेला. तो अगदी व्यवस्थित होता. अर्ध्या तासाने फरशी पुसणाऱ्या मावशींनी सांगितले, की कन्नडमध्ये उरी म्हणजे जळजळ, आणि आजोबांना लघवी करताना आग होते आहे. त्या दिवशी काही बिघडले नाही. पण आग होणारे आजोबा अर्धा तास छातीला तारा लावून पडून राहिले, आणि त्यांनी हात नेमका कुठे ठेवला होता हे कुणी पाहिलेच नाही. ती गोष्ट मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगते. बर्मिंगहॅममधल्या आजोबांच्या दृष्टीने आपण सगळ्या त्या नव्या मुलीसारख्याच असणार आहोत.

आयईएलटीएस की ओईटी, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: काम करणाऱ्या परिचारिकेने ओईटी द्यावी. आयईएलटीएसमध्ये शहरांत मोटारींना बंदी असावी का, अशा विषयावर अडीचशे शब्दांचा निबंध लिहावा लागतो, आणि बारावीनंतर निबंध न लिहिलेल्या मुलीचा जीव तिथेच अर्धा होतो. ओईटीच्या लेखनात एका रुग्णाच्या टिपणांवरून पत्र लिहायचे असते, साधारण १८० ते २०० शब्दांचे. पाच मिनिटे वाचायला, चाळीस मिनिटे लिहायला. पत्र रुग्णाला घरी सोडताना तेथील परिचारिकेला असेल, किंवा दुसऱ्या विभागाला. हे काम आपण रोज करतोच, फक्त तोंडी करतो.

सविताचे पहिले पत्र मी जपून ठेवले आहे. सरावासाठी मी दिलेली रुग्ण अडुसष्ट वर्षांची बाई होती. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली, मधुमेह, घरी एकटी राहणारी, आणि उद्या घरी जाणार. पत्र परिसरातील गृहभेटीच्या परिचारिकेला लिहायचे होते. सविताने तीनशे चाळीस शब्द लिहिले. सुरुवात "रिस्पेक्टेड सर" अशी होती, पत्र एका बाईला असूनही. दाखल झाल्यापासून दररोजचा रक्तदाब त्यात होता, शस्त्रक्रियेतल्या भुलीचे नाव होते, वीस वर्षांपूर्वीच्या अपेंडिक्सचा उल्लेख होता. जखमेचे टाके कधी काढायचे, ही एकच गोष्ट, जी त्या परिचारिकेला उद्या सकाळी लागणार होती, शेवटून दुसऱ्या ओळीत दडली होती. रुग्ण एकटी राहते आणि स्वयंपाकघरात जायला दोन पायऱ्या आहेत, हे तर 'घरगुती माहिती' समजून तिने गाळलेच होते. आणि शेवटी "काइंडली डू द नीडफुल", जे आपल्या सगळ्या अर्जांच्या शेपटीला असतेच असते.

मी तिला म्हटले, "हे पत्र बाजूला ठेव. समज, तू नाईट संपवून घरी निघाली आहेस आणि तुझ्या जागी आलेल्या पोरीला दोन मिनिटांत हा पेशंट सांगायचा आहे. मराठीत सांग." तिने सांगितले: आजी उद्या घरी जातात, टाके अमुक दिवशी काढायचे, साखर अजून वर-खाली होते, एकट्या असतात, पायऱ्या आहेत, काठी घेऊन चालतात पण रात्री विसरतात. एकही अनावश्यक शब्द नव्हता. तेच इंग्रजीत उतरवायला तिला दीड महिना लागला, पण त्या दीड महिन्यात ती व्याकरण फारसे शिकली नाही. समोरच्याला काय लागणार आहे हे आधी लिहायला शिकली. हँडओव्हर चांगला देणारी मुलगी ओईटीचे लेखन सोडवू शकते, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. मराठी माध्यमाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

संभाषणाच्या भागात दोन प्रसंग असतात. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते आणि उमेदवार परिचारिकाच राहते. येथे आपले उच्चार थोडे आड येतात. दुखणे आणि लेखणी या दोहोंसाठी आपण एकच 'पेन' म्हणतो, आणि त्यातला ऱ्हस्व-दीर्घ फरक जिभेला लावून घ्यावा लागतो. त्याहून मोठी अडचण आपल्या धीर देण्याच्या पद्धतीची आहे. आपण वॉर्डात शिरताच म्हणतो, "काही होत नाही आजी, घाबरू नका." त्या परीक्षेत हे वाक्य नुकसान करते. तिथे आधी विचारावे लागते, की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. सविताला हे कृत्रिम वाटले. मग तिने एकदा आपल्याच वॉर्डात तसे विचारून पाहिले, तर शस्त्रक्रियेला घाबरलेली म्हणून सगळ्यांनी समजावत बसलेली बाई म्हणाली, की शस्त्रक्रियेचे काही नाही, घरी गाभण म्हैस आहे आणि ती कधीही विणार आहे.

भाषेनंतर उरतात त्या व्यवसायाच्या दोन परीक्षा. पहिली संगणकावरची, सीबीटी, भारतातच देता येते. तिच्या एका भागात औषधाच्या मात्रा आणि सलाईनच्या थेंबांची १५ गणिते, दुसऱ्यात परिचर्येवरचे १०० प्रश्न. दुसरी ओस्की, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची परीक्षा, ती ब्रिटनमध्ये गेल्यावरच होते आणि तिची दहा स्थानके, म्हणजे टप्पे, असतात. तिथे आपल्या मुली ज्ञानामुळे पडत नाहीत, न बोलल्यामुळे पडतात. हात धुतले तरी 'धुते आहे' असे सांगावे लागते, रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने नव्हे तर नाव आणि जन्मतारीख विचारून ओळखावे लागते, नाडी पाहण्याआधी परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे पन्नास खाटांना दोन सिस्टर असताना हे करायला वेळ नसतो हे मला मान्य आहे, पण सवय येथूनच लावलेली बरी. खर्चाचा अंदाज हवा असेल तर सविताने अर्ज केला तेव्हाचे एनएमसीचे दर असे होते: अर्ज १४० पौंड, सीबीटी ८३, ओस्की ७९४, नोंदणी १५३, एकूण १,१७० पौंड. भाषेची परीक्षा, व्हिसा आणि विमान वेगळे. ओस्कीचे पैसे व विमानभाडे तेथील सरकारी रुग्णालये बहुधा देतात, आणि ब्रिटनच्या आचारसंहितेनुसार नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून एजन्सीने पैसे घ्यायचे नसतात. कुणी 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली लाखांत मागत असे, तेव्हा तो नर्सची नोकरी देत नसून केअर वर्करचा व्हिसा विकत असण्याची शक्यता मोठी होती. तो परदेशी भरतीचा मार्ग ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये बंद केला, तरी जाहिराती अजून दिसतात.

आखाती देशांचा रस्ता निराळा आहे. तिथे आयईएलटीएससारखी वेगळी परीक्षा सहसा मागत नाहीत. डेटाफ्लो या कंपनीमार्फत प्रत्येक कागदाची मूळ संस्थेकडे पडताळणी होते आणि प्रोमेट्रिक ही संगणकावरची व्यवसायाची परीक्षा इंग्रजीत द्यावी लागते. म्हणजे नावातला 'एच' तिथे आणखीच महाग पडतो. शिवाय परिचारिकेच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का असो वा नसो, सौदी, कुवेत, कतार, अमिराती यांसह ठरावीक १८ देशांसाठी सरकारच्या ई-मायग्रेट या ऑनलाइन प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी, एवढेच घेता येते. हा आकडा आपल्या भागात फार थोड्या घरांत माहीत आहे.

जर्मनीची चौकशी अलीकडे वाढली आहे. तिथे इंग्रजीचा काही उपयोग नाही. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर जर्मन भाषेत बी-२, म्हणजे मध्यमाहून वरची, पातळी लागते. आधी तेथील राज्याचे कार्यालय आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहते आणि उणिवांची यादी देते. त्या प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरून काढाव्या लागतात. मार्च २०२४ पासून ए-२ या प्राथमिक पातळीवर जाऊन काम करता करता मान्यता मिळवण्याची सोयही झाली आहे. भाषा अवघड आहे, पण मराठी मुलीला तीन लिंगांचे भय नसते, हा आपला एक फायदा. नाक आपल्याकडे नपुंसकलिंगी, त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. डोळा आपल्याकडे पुल्लिंगी, त्यांच्याकडे नपुंसकलिंगी. पाठच करावे लागते, पण 'असे का' हा प्रश्न पडत नाही. वर्ष-दीड वर्ष नोकरी कमी करून अभ्यासाला बसण्याची घरची तयारी असेल तरच मी हा रस्ता सुचवते.

सविताचा नवा पासपोर्ट गौरी-गणपतीनंतर आला. परिषदेच्या नोंदीतला 'पी' आता पूर्ण परशुराम झाला आहे. ओईटीचा अर्ज भरताना, पैसे भरण्याच्या बटणापूर्वी, तिने पडद्याचा फोटो मला पाठवला. नाव मी पासपोर्टच्या प्रतीशी एकेक अक्षर ताडून पाहिले. 'एच' जागेवर होता. खाली जन्मस्थानाच्या रकान्यात तिने सवयीने 'बेळगावी' लिहिले होते आणि पासपोर्टवर 'बेलगाम' होते. मी तिला फोन केला आणि तेवढे बदलून मगच पैसे भरायला सांगितले.